कंट्रोलचं रक्त

आमच्या लॅबमध्ये सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न असायचा, "आज रक्त कोणाचं?" बाहेरच्या माणसाने ऐकलं तर पळूनच जाईल. पण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. ज्या पेशंटचं रक्त तपासायचं, त्याच्या शेजारी एका धडधाकट माणसाचंही रक्त लावावं लागतं. नाहीतर मशीन नीट चाललंय की नाही, हे कळणार कसं? त्या रक्ताला आम्ही कंट्रोल म्हणतो. नियम असा की कंट्रोल देणाऱ्याची आधी नीट तपासणी करायची आणि तिची नोंद ठेवायची. नियम फाइलमध्ये होता आणि फाइल कपाटात होती. आमच्याकडे ज्याचा हात मोकळा, तो बाही वर करायचा.

मी या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीस वर्षं होऊन गेली. पनवेलच्या एस.टी. स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटं, आणि रिक्षावाल्याला "रक्तवाली बिल्डिंग" म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. आमच्याकडे एकाच एन्झाइमवर काम चालतं. एन्झाइम म्हणजे शरीरात एखादं ठरावीक काम उरकणारं प्रथिन. आमच्या एन्झाइमचं नाव जी-सिक्स-पीडी, आणि त्याचं काम तांबड्या पेशींना सांभाळायचं. काही औषधं, काही रसायनं रक्तात शिरली की पेशींवर मारा होतो. एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी तो सोसतात. नसेल तर पटापट फुटतात, माणूस पिवळा पडतो, लघवी चहासारखी होते. एरवी तो माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो. कित्येकांना जन्मभर कळतही नाही.

हे प्रथिन काही घरांत कमजोर का निघतं, ते आम्ही शोधतो. बॅक्टेरियांकडून ते बनवून घ्यायचं, एक चांगलं आणि एक बिघडलेलं. मग दोन्ही गरम पाण्यात ठेवायची आणि आधी कोण मान टाकतं ते बघायचं. आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, नव्या मुलांना साडीचं उदाहरण देतात. प्रथिन म्हणजे लांबलचक साडी, घडी बसली तरच कामाची. एका ठिकाणी दुमड चुकली तरी वरून घडी तशीच दिसते, पण कपाटातून ओढली की सगळी साडी हातात सुटते. सरांनी आयुष्यात एका तरी साडीची घडी घातली असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

रक्ताची तपासणी त्या मानाने सोपी. काचेच्या चौकोनी नळीत रक्ताचा थेंब आणि दोन-तीन द्रावणं घालायची, नळी मशीनमध्ये ठेवायची. मशीन तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं. एन्झाइम कामाला लागलं की स्क्रीनवर एक रेघ वर चढत जाते. जितकं एन्झाइम जास्त, तितकी रेघ उभी.

माझी रेघ अर्धीच चढायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही द्रावण बदललं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मशीनचा दिवा तपासला. तिसऱ्यांदा सर हसून म्हणाले, "बाई, तुमचं रक्त आळशी दिसतंय. उद्यापासून तुमचं नको." सगळे हसले, मीही हसले. वहीत त्या रकान्यापुढे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नमुना जुना असावा.' नमुना जुना नव्हता. दहा मिनिटांपूर्वी माझ्याच दंडाला रबर बांधून काढलेला होता. पण लिहिलं. आणि त्यानंतर माझ्याऐवजी शेजारच्या टेबलावरची मुलगी बाही वर करायला लागली.

आता यात काय चुकलं, ते सांगते. या एन्झाइमचा नकाशा पेशीतल्या अशा एका गुणसूत्रावर असतो, ज्याच्या बायकांकडे दोन प्रती असतात आणि पुरुषांकडे एकच. बाईची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते. अशा बाईची रेघ बहुतेक वेळा अर्धी चढते. तिला त्रास सहसा होत नाही. पण तिला मुलगा झाला आणि त्याच्या वाट्याला नेमकी बिघडलेली प्रत आली, तर त्याच्याजवळ दुसरी नसतेच. आणि एका बहिणीची अर्धी असेल तर दुसरीचीही असू शकते. हे गणित मी दर महिन्याला लोकांच्या घरांसाठी कागदावर मांडते, गोल आणि चौकोन काढून. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. माझ्या स्वतःच्या घराचे गोल-चौकोन मी काढले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आम्ही गावोगाव शिबिरं घेतो. करंज्याला बंदरावर घेतलं होतं, तिथल्या बायका मासळीच्या लिलावाआधीच येऊन बसल्या होत्या, "लवकर टोचा, होड्या लागल्या" म्हणून मागे लागलेल्या. शिबिरात आम्ही एक पत्रक वाटतो: एन्झाइम कमी असलेल्यांनी काय टाळायचं. ते मराठी पत्रक मीच लिहिलंय. त्यात चौथा मुद्दा असा: 'कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. तान्ह्या बाळाजवळ तर अजिबात नाही.' पांढऱ्या गोळ्या त्या, ट्रंकेत टाकायच्या. त्यांचा वास म्हणजेच ते रसायन, आणि तेल लावलेल्या अंगातून ते आणखी पटकन आत जातं. मी हे सगळं तिथे मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. एक म्हातारी कोळीण मला म्हणाली, "तुमच्या घरात नाय का गोल्या?"

"नाही हो, आमच्याकडे कुठल्या?" मी म्हटलं. खोटं बोलले असं नाही. त्या क्षणी मला खरंच आठवलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा तिने पाच महिने कोणाला सांगितलंच नाही, मलासुद्धा नाही. सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला आईकडे आली, जुन्या पनवेलला. मी नवीन पनवेलमध्ये राहते, पण त्या दिवसांत लॅबमधून सुटले की आधी आईकडे आणि मग घरी, असं चाललेलं.

ती मला सारखं विचारायची, "ताई, हे खाल्लं तर चालेल ना? ताई, ही गोळी घेऊ ना?" डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीसुद्धा मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. आई म्हणायची, "अगं, ती काय डॉक्टर आहे?" बहीण म्हणायची, "डॉक्टरपेक्षा जास्त आहे."

मुलगा झाला. सिझेरियन झालं. बाळ छान होतं, साडेतीन दिवस दवाखान्यात राहून घरी आलं.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. एखाद्या धडधाकट वाढलेल्या मुलाचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले कपडे मागून आणायचे, म्हणजे बाळही तसंच निघतं. आईने फर्मान काढलं, "तुझ्या लेकीचे असतील बघ. ती कशी दणकट आहे!" माझी लेक बारावीत आहे. तिची झबली, टोपडी, लंगोट, दुपटी मी सतरा वर्षं माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. कोणासाठी ठेवली होती, हे मलाही सांगता यायचं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडायची, गोळ्या विरघळलेल्या असतील तर नव्या टाकायच्या, ट्रंक बंद करायची. बारा रुपयांची पुडी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडची. कोळणीला "नाही" म्हणाले होते ना, ती मी.

कपडे मी साध्या पाण्यातून काढले. ऑगस्ट होता, ऊन म्हणून नव्हतं, पंख्याखाली वाळवले. आईने एक झबलं नाकाशी धरलं आणि समाधानाने म्हणाली, "वास कसा स्वच्छ येतोय! एक कीड लागलेली नाही." मलाही तो वास आला. मला त्या वासाने माझी लेक लहान असतानाचे दिवस आठवले, आणि मी हसले. वीस वर्षं ज्या रसायनावर मी पत्रकं वाटते, ते नाकात शिरलं आणि मला लेकीचं लहानपण आठवलं. याच्यापुढे काय बोलायचं?

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी असायची. बहिणीला दुसरा कुठला वास येणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. आई म्हणाली, "होतेच तान्ह्या बाळांना कावीळ. खिडकीपाशी धरा जरा." होतेच, हे खरं आहे. मीही बघितलं आणि म्हटलं, "उद्या दाखवू." त्या दिवशी लॅबमध्ये गरम पाण्यातले प्रयोग चालू होते, मला ते सोडायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाली आली. जवळच्याच गावातली, पिढ्यान्पिढ्या हेच काम. तिने बाळाला पायांवर घेतलं, तेल चोळायला लागली आणि मध्येच थांबली. मी लॅबला निघताना दारात चपला घालत होते. तिने मला हाक मारली.

"ओ ताई, यो लंगोट बगा जरा. चायच्या पान्यासारका डाग हाय. एवढी पोरां न्हानली आमी, असा कदी बगला नाय."

मी लंगोट हातात घेतला. डाग तपकिरी होता. आणि लंगोटाला, तेलाला, बाळाच्या सगळ्या अंगाला तो वास होता.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही वाटलं नाही. कोणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं. मी बाळाच्या अंगातलं झबलं काढलं, टोपडं काढलं, दुपटं बाजूला केलं. दोरीवरचे सगळे कपडे ओढून एका पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली. आईच्या धुतलेल्या पातळात बाळाला गुंडाळलं. आई म्हणाली, "अगं, काय करतेस काय? गारठेल ना ते!" मी म्हटलं, "रिक्षा बोलाव." बहीण आतून विचारत होती, "ताई, काय झालं?" मी तिला म्हटलं, "काही नाही. जरा कावीळ जास्त वाटतेय. तू पडून राहा, तुझे टाके ओले आहेत." माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. शिबिरात वापरते ना, तोच.

लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाळाचा पाय दाबून पिवळेपणा बघितला आणि लगेच आत घेतलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "जी-सिक्स-पीडी बघा. डांबराच्या गोळ्यांतले कपडे होते." ते म्हणाले, "कोणाला सुचतं हो असं लगेच? बरं झालं, सांगितलंत." मग ते बाहेर येऊन आईला म्हणाले, "आजी, घरात डांबराच्या गोळ्या नकोत हं यापुढे."

आई म्हणाली, "आमच्याकडे नाहीतच हो, आम्ही कडुलिंबाचा पाला…" तिने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघितलं.

बाळाचं रक्त बदलायचं ठरलं. बदलण्याआधी तपासणीसाठी नमुना काढला, आणि आमच्या भागात ही तपासणी करतं कोण? आम्हीच. नळी बर्फाच्या डब्यात घालून मीच घेऊन गेले. सर म्हणाले, "दुसऱ्या कोणाला तरी करू दे." मी म्हटलं, "मीच करते." हात व्यवस्थित चालत होते. एक थेंबही सांडला नाही. कंट्रोलला शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं रक्त लावलं, आणि तिसऱ्या नळीत माझं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी लावलं.

मुलीची रेघ चढली. माझी अर्ध्यावर राहिली. बाळाची रेघ जमिनीला चिकटून गेली, शेवटपर्यंत. सर मागे उभे होते. ते म्हणाले, "तेव्हा मी चेष्टा केली होती." मी म्हटलं, "मी वहीत लिहिलं होतं, नमुना जुना." मी नळ्या धुऊन ठेवल्या.

बाळ वाचलं. रक्त दोनदा बदललं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. दोन दिवस ते मान मागे टाकून किंचाळल्यासारखं रडायचं, ते मी ऐकलंय. डॉक्टर म्हणाले, कावीळ मेंदूपर्यंत गेली असेल तर सगळ्यात आधी कान जातात, तीन महिन्यांनी कानांची तपासणी नक्की करा. हेही त्यांनी मलाच सांगितलं, कारण समजून घेणारी मी होते ना! घरी सोडताना त्यांनी आमचंच पत्रक हातात दिलं, काय टाळायचं ते. चौथा मुद्दा माझ्याच वाक्यांत. ते मी पर्समध्ये टाकलं. बहिणीने विचारलं, "मला वाचू दे ना." मी म्हटलं, "मी बघते सगळं. तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." तिने मान डोलवली. तिला मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की बाळात एक एन्झाइम कमी आहे, ते आईकडून येतं, आणि कानांची एक तपासणी करायची आहे. यात खोटं काही नव्हतं.

स्वयंपाकघरात आई मला म्हणाली, "तिला कपड्यांचं सांगू नकोस. एक पोर हे असं झालं. दोघी बहिणी तरी एकमेकींना राहा." ती रडत होती. मी कणीक मळत होते. कणीक चांगली मऊ झाली होती, हे मला आठवतंय. मी "बरं" म्हटलं. आई सांगतेय म्हणून "बरं" म्हटलं असं नाही, मला तेच हवं होतं.

बारसं सव्वा महिन्याने केलं. पुण्याहून माणसं आली. बहिणीच्या सासूबाई पाळण्यात वाकून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कोणाला असलं काही नाही हो. सात पिढ्यांत कोणाला नाही." कोणी विचारलं नव्हतं. बहीण पाळण्याची दोरी धरून बसली होती, तिने मान वर केली नाही. मी तिथेच होते, घुगऱ्यांच्या वाट्या भरत. एक वाक्य बोलायचं होतं: याच्या रक्ताला काही होण्याचं कारण नव्हतं, ते कारण मी घरात आणलं. मी वाट्या भरल्या.

मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे "कुर्र्र" केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, एकच हसणंखिदळणं, कोणाच्या तरी हातातली ताट-वाटी खाली पडून खणखणली. अशा वेळी बाळं दचकून भोकाड पसरतात. आमचं बाळ झोपलेलं होतं, ते झोपूनच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "गुणाचं आहे गं बाळ!" आई म्हणाली, "अगदी." तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्या दिवसापासून मी त्याची तपासणी करायला लागले. माझा धंदाच तो. बहीण आंघोळीला गेली की मी पाळण्याच्या मागे उभी राहून टाळी वाजवायची. मग डबा आपटायची. मग कुकरची शिटी होताना त्याच्या पापणीकडे बघत बसायची. वहीत लिहिलं नाही काही. मनात मात्र प्रत्येक वेळी तेच यायचं: झोपेत असेल, दूध पिऊन सुस्त असेल, पंख्याचा आवाज असेल. नमुना जुना असावा. मी मनाशी ठरवलं होतं, कानांचा रिपोर्ट चांगला आला तर हिला सगळं सांगून टाकायचं, म्हणजे ती मला चार शिव्या देईल आणि मोकळी होईल. वाईट आला तर काय, ते ठरवलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी आम्ही दोघी बाळाला घेऊन कानांच्या दवाखान्यात गेलो. तिचा नवरा येणार होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. बाळाला झोपेचं औषध पाजलं, कपाळावर आणि कानांच्या मागे चिकटपट्टीने तारा लावल्या, कानांत इअरफोनसारखी लहानशी बोंडं घातली. त्यातून टिक-टिक आवाज सोडतात, आणि मेंदूला तो पोचला की स्क्रीनवर रेघेला उंचवटे येतात. बहीण बाळाच्या पायांना हात लावून बसली होती. मी स्क्रीनसमोर. तपासणाऱ्या बाई आवाज वाढवत गेल्या. अजून वाढवला. अजून. कुठल्याही मशीनची रेघ मला वाचता येते.

दुसरा कानही तसाच.

बाईंनी तारा काढल्या आणि खुर्ची ओढून बहिणीसमोर बसल्या. म्हणाल्या, दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीये, जवळजवळ नाहीच. पुढे काय काय करता येईल ते सांगायला लागल्या, मशीन, ऑपरेशन, शिकवणं. बहिणीने एकच विचारलं, "कशामुळे?"

"कावीळ फार चढली होती त्यामुळे."

"म्हणजे माझ्यामुळे."

"असं नसतं हो ते," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. त्यांना वाटलं असणार, मोठी बहीण आहे, धीर देईल.

आम्ही बाहेर वेटिंग रूममध्ये येऊन बसलो, रिपोर्ट टाइप होईपर्यंत. चार-पाच माणसं होती, एक आजोबा आपलं कानाचं मशीन हातात घेऊन बॅटरी बदलत होते. बाळ जागं झालं होतं. बहीण त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीला उद्देशून बोलत होती, अगदी हळू आवाजात. "सासूबाई बरोबरच म्हणत होत्या. माझंच रक्त वाईट. आधीचे दोन गेले तेही त्यामुळेच असतील. मी त्याला नऊ महिने पोटात घेऊन नुसतं विष पाजलं."

इथपर्यंत मला खरंच काही वाटत नव्हतं. तीन महिने मी जेवत होते, झोपत होते, लॅबला जात होते. पण ती "विष" म्हणाली आणि तिथे मात्र वाटलं. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"कपडे माझे होते," मी म्हटलं.

"कुठले कपडे?"

"झबली. ट्रंकेतली. डांबराच्या गोळ्यांतली. त्याने रक्त फुटतं. नुसत्या तुझ्या रक्ताने काही झालं नसतं. आणि आपल्या घरात हे आहे, ते मला आधीपासून कळायला हवं होतं, माझंच रक्त सांगत होतं मला. मी…"

तिने हात वर केला आणि मी थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिची वस्तू मोडली की ती रडायच्या आधी असंच बघायची, पण आता ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मार मला. बोल काहीतरी." समोरचे आजोबा बॅटरीचं झाकण लावता लावता थांबले.

तिने बाळाला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "त्याला सांग."

मी त्याला नीट धरलं. तो पूर्ण जागा होता. मी बोलायला सुरुवात केली, पण तोंडातून शब्द कसेबसे निघत होते, पुटपुटल्यासारखे, कारण लोक बघत होते. तो डोळे मोठे करून माझ्या ओठांकडे बघत होता.

"मोठ्याने बोल," बहीण म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही."

मी पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागले.